आजीसाठी जागा बघताना



आजचा विषय थोडा अवघड आहे. बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो कधीच नसतो. बचत जमा होते, हप्ते होतात, सह्या-अंगठे होतात, बाया पिशव्या उचलून निघतात आणि मग एखादी मागे थांबते. इकडेतिकडे बघून हळूच विचारते, "ताई, म्हाताऱ्या माणसाला ठेवता येईल अशी चांगली जागा आहे का हो कुठे?" येरखेडा, रनाळा, भिलगाव, गुमथळा, कुठल्याही गटात जा, हा प्रश्न आम्हाला ऐकू येतो. आणि दर वेळी आवाज इतका खाली असतो की जणू चोरीचा माल विकायचा आहे.

विचारणारी बाई कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. पहाटे उठून सासूबाईंचं ओलं अंथरूण बदलते, त्यांना धुते, चहा पाजते, मग पोरांचे डबे, मग वावर किंवा कंपनी. नवरा ट्रकवर. दीर पुण्याला. नणंद तिकडे छिंदवाड्याला, तिचाही संसार आहे. सासूबाई दुपारी एकट्या घरात. एकदा गॅस चालू राहिला, एकदा त्या रस्त्यावर निघून गेल्या, एकदा संडासात पडल्या. मग ही बाई कामावर जाणं सोडते. रोजी बुडते, गटाचा हप्ता थकतो, आणि तरीही सासूबाईंची काळजी नीट होतच नाही, कारण एक माणूस चोवीस तास जागू शकत नाही.

आणि ज्यांच्यासाठी विचारतात त्या आज्या कोण आहेत? याच कामठीत बाबू हरदासांनी विडी कामगारांची संघटना उभी केली होती. त्या कामगारांच्या पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी बायांनी विड्या वळून, मागावर बसून, धानाच्या बांधीत रोवणी करून लेकरं मोठी केली. आज त्यांची बोटं वाकली आहेत, गुडघे गेले आहेत. त्यांना चांगली जागा मिळायला हवी, मग ती घरात असो की घराबाहेर.

आम्हाला आज एकच गोष्ट सांगायची आहे. वृद्धाश्रमाचं नाव काढायची आपल्याला लाज वाटते. लाजेमुळे आपण कुणाला विचारत नाही. विचारत नाही म्हणून माहिती नसते. आणि मग एक दिवस गळ्यापर्यंत येतं तेव्हा घाईघाईत, मिळेल त्या जागी नेऊन ठेवतो. या घाईची किंमत आजी मोजते.

आमच्या एका गटातल्या घरी असंच झालं. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी घरात कुणी थांबायला नव्हतं. कुणीतरी एक नंबर दिला, फोन केला, पैसे भरले, आजींना रिक्षात बसवलं. आजींना वाटलं तपासणीला चाललोय. आठ-दहा दिवसांनी तिथून फोन आला, "तुमच्या आजी चालत नाहीत, आम्ही अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवत नाही, घेऊन जा." भरलेली अनामत रक्कम परत मिळाली नाही, कारण पावतीवर तसं लिहिलेलं होतं आणि ते कुणी वाचलं नव्हतं. आजी घरी आल्या तेव्हा पाठीला जखमा होत्या. त्या घरातली माणसं वाईट नव्हती. जागा चालवणाऱ्यांनीही आपला नियम सांगितला. पण प्रवेशाआधी कुणी कुणाला काही विचारलंच नव्हतं.

म्हणून आज आम्ही विचारायच्या गोष्टी सांगणार आहोत. वही-पेन जवळ असेल तर घ्या.

पहिली गोष्ट, नावांचा घोळ. आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की बाळंतपणाचा किंवा ऑपरेशनचा खाजगी दवाखाना. महाराष्ट्रात अशा दवाखान्यांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते. तिथे आजारी माणूस भरती होतं, बरं होतं, घरी येतं. ती कायम राहायची जागा नव्हे. दुसरं म्हणजे वृद्धाश्रम. तिथे राहायचं, जेवायचं, सोबत मिळते. पण बहुतेक वृद्धाश्रम हिंडत्या-फिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसांसाठी असतात. तिसरा प्रकार म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या, नळी लावलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची सेवा करणारं केंद्र. याला कुणी शुश्रूषा केंद्र म्हणतात, कुणी केअर सेंटर. अशी केंद्रं बहुधा मोठ्या शहरांत आणि खाजगी असतात, खर्चही जास्त असतो. पाटीवर काहीही नाव असो, पहिला प्रश्न हाच विचारायचा: "तुम्ही कशा माणसांना ठेवता आणि कशांना ठेवत नाही? आज आमची आजी चालते. उद्या चालेनाशी झाली तर ठेवाल का?" वरच्या घरात एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं टळलं असतं.

दुसरी गोष्ट. जागा शोधायच्या आधी आजीला नेमकं काय लागतं ते लिहून काढा. आठ दिवस वहीत टिपण ठेवा. स्वतः उठता येतं का? संडासला एकटी जाते का? रात्री किती वेळा उठते? जेवण स्वतःच्या हाताने की भरवावं लागतं? गिळताना ठसका लागतो का? लघवी कळते का? गोळ्या कोणत्या, किती वाजता? माणसं ओळखते का? घर सोडून निघून जाते का? ही वही घेऊन आपल्या कामठीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवा. कधी कधी असं निघतं की आजीचा गोंधळ हा वयाचा नसून शुगर कमी-जास्त झाल्याचा, लघवीच्या जंतुसंसर्गाचा किंवा गोळ्या चुकल्याचा असतो. कधी मोतीबिंदूमुळे दिसत नाही म्हणून ती पडते, कधी ऐकू येत नाही म्हणून वेड्यासारखं उत्तर देते. त्यावर उपाय झाला तर घराबाहेर ठेवायची गरजच पडत नाही.

आणि वही भरली की घरात बसून बोला. सगळ्यांनी. पुण्याच्या दिराला फोन लावा, स्पीकरवर ठेवा. इथे एक गोष्ट सुनांनी नीट ऐका. २००७ साली देशात एक कायदा झाला, 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम'. त्यात आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी कुणावर टाकली आहे? मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात यांच्यावर. त्या यादीत सुनेचं नाव नाही. सून सेवा करते ते मायेने, नात्याने करते. म्हणून दीर लांब राहतो तर त्याने पैसे द्यावे, नणंदेने वर्षातून महिनाभर येऊन राहावं, नवऱ्याने रात्रीची पाळी घ्यावी, असं सुनेने स्पष्ट मागितलं तर त्यात उद्धटपणा काहीच नाही.

तिसरी गोष्ट, घरीच काही जमतं का ते बघा. संडासात धरायला लोखंडी दांडी, ओली फरशी पुसायची सवय, रात्री लावायचा छोटा दिवा, खाटेची उंची कमी, कमोडची खुर्ची. एवढ्याने पडणं बरंच कमी होतं. दुपारचे चार तास थांबायला मोहल्ल्यातली एखादी बाई पैसे देऊन ठेवता येते. आमच्या गटांमध्ये हे काम करायला तयार असलेल्या बाया आहेत, त्यांनाही रोजगार होतो. आशाताईंना सांगून ठेवा. यातूनही भागत नसेल, माणूसबळ नसेल, आजीला चोवीस तास कुणीतरी लागत असेल, तर जागा बघणं हे सांभाळणंच आहे. ते लपवायची गरज नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आजीला विचारा. तिच्यासमोर बोला, तिच्या पाठीमागे नको. "दवाखान्यात चाललो" असं खोटं सांगून नेऊ नका. ती रडेल, चिडेल, दोन दिवस जेवणार नाही. पण फसवून नेलेलं माणूस कायमचं तुटतं. एका आजीने आम्हाला सांगितलं, "मला नेलं त्याचं दुःख नाही बाई, मला माझ्या पेटीची किल्ली बरोबर घेऊ दिली नाही, त्याचं आहे." जमलं तर तिला जागा दाखवायला न्या, दोन जागा दाखवा, निवडू द्या. काही ठिकाणी आठ-पंधरा दिवस राहून बघता येतं, तेही विचारा. तिने सोबत काय न्यायचं ते तिला ठरवू द्या. गोधडी, फोटो, पोथी, तसबीर, पानाचा डबा, जे असेल ते.

आता जागा बघायला जायचं. एकटं जाऊ नका. दोघी जा, त्यातली एक बाहेरची असू द्या, गटातली. घरच्या माणसाचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नसतं. बाहेरची बाई शांतपणे बघते. एकदा फोन करून, वेळ ठरवून जा. दुसऱ्यांदा न सांगता जा, दुपारी तीनच्या सुमारास किंवा संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी. ऑफिसातल्या सोफ्यावर चहा पिऊन परत येऊ नका. आत जाऊ द्या म्हणा. ज्या खोल्यांत माणसं राहतात त्या बघा, संडास बघा, स्वयंपाकघर बघा. "आत सोडत नाही" म्हणाले तर तिथून निघा.

आत गेल्यावर आधी नाकाला काम द्या. लघवीचा वास सगळीकडे भरून राहिला असेल तर अंथरुणं वेळेवर बदलत नाहीत. फिनाइलचा फार वास असेल तर तुम्ही येणार म्हणून सकाळीच धुतलेलं असू शकतं. मग माणसांकडे बघा. नखं कापलेली आहेत का, केस विंचरलेले आहेत का, अंगावर स्वच्छ लुगडं आहे का. पाण्याचा तांब्या हाताला पुरेल इतक्या जवळ आहे का. कुणी हाक मारली तर किती वेळाने कुणी येतं. काम करणाऱ्या बाया आज्यांशी कसं बोलतात, "ए म्हातारे" म्हणतात की "आजी" म्हणतात. आणि तिथल्या एखाद्या आजीजवळ पाच मिनिटं बसा. "काल काय जेवल्या?" एवढंच विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देताना त्या दाराकडे बघतात का, ते बघा.

आपल्या भागाचा एक खास प्रश्न आहे, उन्हाळा. मे महिन्यात नागपूर-कामठीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यामुळे अंगातलं पाणी कमी झालेलं त्यांना कळतही नाही. म्हणून विचारा: पत्र्याचं छत आहे की स्लॅब? कूलर किती, चालतात का? लाईट गेली तर काय? पाणी, ताक कोण आणि किती वेळा देतं? उन्हाळ्यात जागा बघणार असाल तर दुपारी जा म्हणजे विचारावं लागणार नाही.

आता कारभाऱ्यांना विचारायचे प्रश्न. सावकाश सांगतो, लिहून घ्या.

रात्री किती माणसं कामावर असतात? दिवसा सगळीकडेच माणसं दिसतात. पडणं, श्वास लागणं, घाबरणं रात्रीही होतं. तीस-चाळीस म्हातारी माणसं आणि रात्री एकच चौकीदार, असं असेल तर विचार करा.

आजीला आंघोळ कोण घालतं? बाई की बुवा? हा प्रश्न विचारायला लाजू नका. आजी स्वतः कधीच विचारणार नाही.

डॉक्टर किती दिवसांनी येतात? नर्स शिकलेली आहे का? गोळ्यांची नोंद ठेवतात का? ती वही बघायला मागा. अंथरुणावरच्या माणसाला कूस किती वेळाने बदलून देतात? साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात.

अचानक तब्येत बिघडली तर कुठल्या दवाखान्यात नेतात, कोण सोबत जातं, आम्हाला फोन कधी करतात? ७० वर्षांवरच्या माणसांना २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे दवाखान्यातले उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. तुम्ही नेता तो दवाखाना त्यात बसतो का? लक्षात ठेवा, हे कार्ड दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे. वृद्धाश्रमाचा महिन्याचा खर्च त्यातून निघत नाही.

जेवण काय असतं? शुगरवाल्यांचं वेगळं होतं का? दात नाहीत त्यांना पोळी कुस्करून, वरण-भात मऊ करून देतात का? आमच्या कामठीत सगळ्या धर्मांची माणसं राहतात. म्हणून हेही विचारा: आमची आजी नमाज पढते, किंवा बुद्धवंदना म्हणते, किंवा एकादशी करते, तिला तिचं करू देतात का? खाण्यापिण्याची सक्ती आहे का?

भेटायला कधी यायचं? रोज आलं तर चालतं का? फोनवर बोलता येतं का, एकटीने, कुणी शेजारी उभं न राहता? आजीला घरी चार दिवस न्यायचं असेल, लग्नाला, पोळ्याला, दिवाळीला, तर नेता येतं का?

आणि शेवटचा प्रश्न, जो विचारताना जीभ जड होते. तिचं बरंवाईट झालं तर काय करता? घरच्यांची वाट बघता का? कुठल्या रिवाजाने करता? हे आधी विचारून ठेवलेलं बरं.

आता पैसा आणि कागद. मासिक खर्च किती हे सगळे सांगतात. त्यात काय धरलेलं नाही ते विचारा. डायपर, गोळ्या, डॉक्टरची फी, गाडी, वेगळी आया, लाईटबिल. समजा महिन्याला १० हजार सांगितले आणि वरचा खर्च ४ हजार निघाला, तर वर्षाचे झाले १ लाख ६८ हजार. एवढे कुठून येणार, कोण किती देणार, ते भावंडांनी कागदावर लिहावं. अनामत परत मिळते का, मध्येच आजीला घरी आणलं तर उरलेल्या महिन्याचे पैसे मिळतात का, दरवर्षी किती वाढवतात, हे करारात वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या पोरीला सोबत न्या. प्रत्येक पैशाची पावती घ्या. संस्थेची नोंदणी कुठे आहे ते विचारा. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदलेला आहे का, आणि आजारी माणसांवर उपचार करतो म्हणत असतील तर नर्सिंग होमची नोंदणी आहे का. नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला असावा. नर्सिंग होम असेल तर दरपत्रकही समोर दिसायला हवं.

पैसे नाहीत त्यांनी काय करायचं? सरकारी अनुदानावर चालणारे वृद्धाश्रम आहेत. १९९५ पासून महाराष्ट्रात 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आहे. प्रवेशासाठी साधारण पुरुषांचं वय ६० आणि बायांचं ५५ असावं लागतं. जागा रिकामी आहे का, निराधारांसाठी काय सोय आहे, याची चौकशी नागपूरच्या समाज कल्याण कार्यालयात करायची. आजी ६५ च्या वर असेल आणि घरचं उत्पन्न योजनेत बसत असेल तर तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरा, महिन्याला १,५०० रुपये तिच्या खात्यात येतात. मिळत असतील तर पासबुक, एटीएम कार्ड आणि आधार कुणाजवळ राहणार ते ठरवा. ते पैसे आजीचे आहेत. जागेच्या मालकाकडे कार्ड आणि पिन देऊन मोकळं होऊ नका, आणि घरच्यांनीही तिला न विचारता ते काढू नयेत.

जमिनीचं आणि घराचं एक सांगतो. आजीला वृद्धाश्रमात नेण्याआधी घाईने वावर किंवा घर पोराच्या नावावर करून घ्यायची पद्धत पडत चालली आहे. आज्यांनो, तुम्ही ऐकत असाल तर बक्षीसपत्रावर अंगठा द्यायच्या आधी त्यात लिहून घ्या की मला शेवटपर्यंत सांभाळायचं, जेवण-कपडा-औषधपाणी करायचं, या अटीवर देते आहे. कायद्याचं कलम २३ असं सांगतं की सांभाळायच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो.

हा अर्ज कुठे करायचा? उपविभागीय अधिकारी, म्हणजे एसडीओ साहेबांसमोर निर्वाह न्यायाधिकरण चालतं. आपल्या तालुक्याचे एसडीओ कुठे बसतात ते तहसील कार्यालयात विचारलं की सांगतात. मुलं सांभाळत नसतील तर आई-बाप तिथे पोटगी मागू शकतात, महिन्याला जास्तीत जास्त १० हजार रुपयांपर्यंत. वकील लावायची गरज नाही. नोटीस पोचल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. आजीला स्वतः जाता येत नसेल तर तिने सांगितलेलं माणूस किंवा नोंदणीकृत संस्था तिच्यासाठी अर्ज करू शकते. आणि ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याने म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून द्यायच्या हेतूने कुठेही सोडलं, तर तो गुन्हा आहे. ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कुठेच काही सुचत नसेल तर एक नंबर पाठ करा. १४५६७. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे. पैसे लागत नाहीत, सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. वृद्धाश्रमाची माहिती, कायद्याचा सल्ला, रस्त्यावर सापडलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी मदत, छळाची तक्रार, सगळं तिथे सांगता येतं.

मैत्रिणींनो, जागा चांगली निवडली, पैसे भरले, आजी तिथे राहायला गेली. आता काम संपलं असं समजू नका. चांगल्यातल्या चांगल्या जागीही ज्या आजीला भेटायला कुणी येतं तिच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं. कामावरच्या बायांना कळतं की या आजीची विचारपूस करणारं कुणी आहे. पहिला महिना आठवड्यातून एकदा तरी जा. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या आजोबांना तिकीटच नाही, तेव्हा आजोबांनाही आजीला भेटवून आणा. जाताना वार बदला, वेळ बदला. गेल्यावर तिची पाठ बघा, टाचा बघा, वजन कमी झालं का बघा, गोळ्यांची वही बघा. ती गप्प झाली असेल, हात लावला की दचकत असेल, "मला इथून ने" असं एकसारखं म्हणत असेल, तर "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका. आधी कारभाऱ्यांशी बोला, लेखी तक्रार द्या, तारीख टाकून एक प्रत स्वतःजवळ ठेवा. ऐकलं नाही तर १४५६७ वर सांगा. आणि जागा बदलावी लागली तर बदला.

गटांनी काय करावं? आम्ही आमच्या गटांत तीन गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही करून बघा. पहिली, एक वही. त्यात आपण बघितलेल्या प्रत्येक जागेचं नाव, कधी गेलो, काय बघितलं, कशा माणसांना ठेवतात, खर्च किती, हे लिहायचं. ऐकीव गोष्टी लिहायच्या नाहीत, डोळ्यांनी बघितलं तेवढंच. पुढच्या बाईला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. दुसरी, सोबत. कुणाच्या घरी अशी वेळ आली तर दोन बाया तिच्यासोबत जागा बघायला जातील. तिसरी, बोलणं. हा विषय बैठकीत सगळ्यांसमोर घ्यायचा, पिशव्या उचलायच्या आधी. आणि कुणाची सासू किंवा आई वृद्धाश्रमात गेली म्हणून गावात तिला नावं ठेवली जात असतील, तर आपण त्या बोलण्यात सामील व्हायचं नाही. उलट विचारायचं, "आजीला भेटायला कधी चाललीस? मीही येते."

आपणही म्हाताऱ्या होणार आहोत. आपली पोरं आज शाळेत आहेत, उद्या कुठे असतील कुणाला माहीत. आपल्यालाही कुणीतरी समोर बसवून विचारावं, आपल्या पेटीची किल्ली आपल्या कमरेला राहावी, रात्री हाक मारली तर कुणीतरी यावं, एवढंच आपल्याला हवं असेल. तेच आज आपल्या आजीसाठी मागायचं आहे, मोठ्याने, चारचौघांत.

येत्या बैठकीला हप्ते झाल्यावर अर्धा तास या विषयाला ठेवा. आज ऐकताना लिहिलेलं वाचून दाखवा. काही राहिलं असेल तर आम्हाला कळवा, आम्ही पुढच्या वेळी सांगू.